एकच चादर

आमच्या खात्यात चिडकी म्हणून माझं नाव आहे, आणि ते उगाच पडलेलं नाही. एमआरआयच्या मशीनवर बसणारी बाई गोड बोलायला लागली, तर रोज कुणी ना कुणी खिशात किल्ल्या घेऊन आत शिरेल आणि त्या जाऊन मशीनला चिकटतील. म्हणून मी ओरडते. डॉक्टरांवर ओरडते, नातेवाइकांवर ओरडते, एसी दुरुस्त करायला येणाऱ्यावर तर हमखास ओरडते. गुंडाळीमावशीवरही ओरडायचे, पण ती ढिम्म. "झालं तुमचं ताई? आता चहा घ्या," म्हणायची. मी तिला अगंतुगं करते आणि ती मला ताई, तुम्ही. वयाने ती माझ्या आईएवढी. हे असं उलटं कधी सुरू झालं, ते दोघींनाही आठवत नाही.

तिची सुरुवात झाली आमच्या इस्पितळाच्या धुलाईघरात. तळघरात, कपडे वाळवायच्या मोठ्या ड्रमसमोर उभं राहायचं आणि निघालेल्या चादरींच्या घड्या घालायच्या. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. तिला सांभाळायला घरी कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की पोरगी थेट धुलाईघरात यायची आणि गरम चादरींच्या ढिगावर झोपून जायची. वरिष्ठ बाई आल्या की मावशी तिच्या अंगावर आणखी दोन चादरी टाकायची, म्हणजे ढिगात ढीग. कुणाला काही कळायचं नाही.

एमआरआय त्याच तळघरात, बोळाच्या दुसऱ्या टोकाला. मशीनला उष्णता चालत नाही, म्हणून ती खोली बारा महिने गारठलेली. मोठी माणसं दात वाजवत का होईना, निभावून नेतात. पण लहान मूल तासभर न हलता पडून राहणार कसं? म्हणून त्याला भूल द्यायची. आणि भूल दिलेलं मूल कुडकुडतसुद्धा नाही. थंडी वाजली की अंग आपलं आपण जे काही करतं, ते सगळंच झोपलेलं असतं. एकदा एक तान्हं बाळ आतून बाहेर आलं ते गारेगार, ओठ निळे. तेव्हाचे जुने भूलतज्ज्ञ बोळात येऊन बोंबलले, "अरे, काहीतरी गरम आणा कुणीतरी!" मावशी हातातल्या घड्यांसकट धावली. तिने त्या बाळाला असं काही गुंडाळलं की नुसतं नाक तेवढं बाहेर. बाळ हळूहळू गुलाबी झालं. जुन्या डॉक्टरांनी हट्टाने तिला आमच्याकडे मागून घेतलं, आणि 'गुंडाळीमावशी' हे नावही त्यांनीच ठेवलं.

तेव्हापासून मुलांचं सगळं मावशीकडे. मुलाचे कपडे बदलायचे, केसातली पिन, सदऱ्याचं बटण, खिशातलं नाणं, असलं नसलं सगळं चाचपून काढायचं. मग डॉक्टर भूल देणार, आणि मावशी कपाटात तापवून ठेवलेल्या चादरीत मूल गुंडाळणार. मावशीने तपासलेलं मूल पुन्हा कुणी तपासत नसे. मी तर कुणावर विश्वास ठेवत नाही, पण तिच्यावर ठेवायचे. बाहेर बसलेल्या आयांना ती सांगायची, "माझ्या हातात आहे तोवर गार पडणार नाही हो तुमचं लेकरू." हे ऐकून आयांच्या जिवात जीव यायचा. डॉक्टरांनी अर्धा तास समजावून जे होत नसे, ते या एका वाक्याने व्हायचं.

मग नवं मशीन आलं. जुन्यापेक्षा दुप्पट ताकदीचं. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी भूलवाल्या मॅडम आल्या होत्या, सडपातळ, हळू बोलणाऱ्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. मला असली माणसं बघूनच धास्ती वाटते. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, "हे मशीन ज्या लहरी सोडतं, त्यांनी अंग थोडं थोडं तापतं. जागा माणूस पांघरूण फेकून देतो, त्याला घाम येतो. भूल दिलेलं मूल काय करणार? त्यावर आपण ढीगभर चादरी घातल्या, तर ती उष्णता जाणार कुठे? आजपासून एकच चादर. साधी, न तापवलेली."

"म्हणजे आता मुलं गार पडत नाहीत?" मावशीने विचारलं.

"पडतात ना. काहींचं तापमान खाली जातं, काहींचं वर."

"मग कुणाचं कुठे जाणार, ते कळायचं कसं?"

"आधी नाही कळत, मावशी. लांबलेली तपासणी असली, की वर जायची भीती जास्त. म्हणून आत जाताना मोजायचं आणि बाहेर आल्यावर मोजायचं. आत चालेल अशी तापमान मोजायची वायर मी मागवली आहे. ती येईपर्यंत मधलं आपल्याला दिसणार नाही."

मावशी माझ्याकडे बघायला लागली. मी खांदे उडवले. मॅडमचं खरं होतं.

पण हाताला लागलेली सवय नियमाला भीक घालत नाही. मावशी एक चादर घालायची आणि मुलाच्या पायांपाशी घुटमळत राहायची. मी माइकवरून ओरडायचे, "मावशी, बाहेर!" एकदा तिने चादर चौपदरी करून घातली. "एकच आहे की," वर तोंड करून मला सांगते! मॅडम हसल्या आणि त्यांनी स्वतः ती उलगडली. त्याच आठवड्यात एक मुलगा एका चादरीत आत गेला आणि बाहेर आला तो थंडगार. जागा झाल्यावर इतका कुडकुडला की ट्रॉली खडखडत होती. मावशी नुसतं मॅडमकडे बघत त्याचे तळवे चोळत बसली. मॅडम म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, काहींचं खाली जातं." त्यांनाही वाईट वाटलं होतं, दिसत होतं. पण वाईट वाटून काय होतं? दुसऱ्या दिवशी नियम तोच.

आता भिंगरी. मावशीची नात, त्या धुलाईघरातल्या पोरीची लेक, वय वर्षं चार. जागच्या जागी गरागरा फिरायची आणि धपकन पडून खिदळायची, म्हणून भिंगरी. हल्ली मात्र ती फिरताना दाराला, खुर्चीला धडकायला लागली होती. सगळे म्हणाले, वांड आहे. मग एके दिवशी मावशीने तिचा उजवा डोळा हाताने झाकला आणि विचारलं, "मी कुठंय?" तर पोर चाचपडायला लागली. डोक्यात गाठ निघाली, डाव्या डोळ्याच्या नसेला रेटणारी. गाठ जिवावर उठणारी नव्हती, पण नस किती दिवस तो दाब सोसेल, याचा भरवसा नव्हता. असली गाठ काढणारे मोठे सर बाहेरगावाहून यायचे, महिन्यातून एकदा, दोन दिवस. त्यांनी भिंगरीला शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या दिवशीच्या सकाळची जागा दिली. त्याआधी आमच्याकडे डोक्याची आणि पाठीच्या कण्याची पूर्ण तपासणी हवी होती. चांगली लांबलचक.

तपासणीच्या दिवशी सकाळी मावशी आली ती नीट भांग पाडून, पाहुणी आल्यासारखी. म्हणाली, "ताई, आज मी एकच चादर घालणार बघा. मॅडम सांगतील तसं." मी म्हटलं, "आज कुठून सूर्य उगवला?" ती हसलीच नाही. तेव्हा मला कळलं की हिची पाचावर धारण बसली आहे. लेकीने भिंगरीचे कपडे आतल्या खोलीत स्वतःच बदलले, कारण पोर आईला सोडायलाच तयार नव्हती. "आई, मी सगळं बघितलंय. एक बटणसुद्धा नाही," लेक म्हणाली. मावशीने मान हलवली. स्वतःच्या लेकीने सांगितल्यावर काय चाचपायचं?

मॅडमनी तापमान मोजलं, साडेछत्तीस. तोंडावर मास्क धरून भूल दिली, छातीला पट्ट्या लावल्या. भिंगरी झोपली. मावशीने आमच्यासमोर तिच्यावर एक चादर घातली, कडा सारख्या केल्या आणि पाठ फिरवून बाहेर आली. मी विचारलं, "एकच ना?"

"वर एकच," ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, सुधारली बाई.

तपासणी सुरू झाली. मावशी काचेला नाक लावून उभी. मधेच मुलीची नाडी जरा वाढली. मॅडमनी भूल हलकी होतेय की काय म्हणून औषध थोडं वाढवलं. नाडी काही पूर्वीसारखी झाली नाही, पण काळजी करावी इतकीही नव्हती. मशीन धडधडत होतं, चित्रं सुरेख येत होती. इतकी स्वच्छ चित्रं की मी मनात मोठ्या सरांना म्हटलं, घ्या, आता तुम्हाला काही बोलायला जागा नाही.

ट्रॉली बाहेर आली आणि मॅडमनी भिंगरीच्या कपाळावर हात ठेवला तो तसाच राहिला. मग मोजलं. अडतीस पॉइंट आठ. पुन्हा मोजलं, तेच. घरच्या भाषेत एकशे दोनला टेकलेला ताप. मॅडमनी चादर काढली. गाऊनखाली जाडजूड लोकरी पायजमा, त्यावर मोज्यांचे दोन जोड. मुलीला कुशीवर वळवलं, तर पाठीखाली दुपदरी घोंगडं, कपाटात तापवून ट्रॉलीवर आधीच अंथरलेलं. मी हात लावला. अजून गरम होतं.

"मावशी, हे काय?" मॅडमचा आवाज तेव्हाही चढला नाही.

"खालचं माझं," मावशी म्हणाली. "पायातलं माझं नाही. मला माहीत नव्हतं."

बोळातून लेक आत आली होती. "पायजमा मी घातला," ती म्हणाली. "आई, तूच सांगायचीस ना रोज घरी येऊन, ती खोली म्हणजे नुसता बर्फ, मुलं निळी पडतात म्हणून? आता एकच चादर घालतात, हे तूच सांगितलंस. मला वाटलं, तुझे हात बांधलेत, तर मी तरी..."

एकीने खालून ऊब दिली, एकीने आतून, दोघींनी एकमेकींपासून लपवून, आणि मशीनने त्यात आपली भर घातली. माझा इतका संताप झाला की कुणावर तरी तुटून पडावंसं वाटत होतं. पण समोर कोण? रडणारी आई आणि थरथरणारी आजी. राग काढायलाही धडधाकट माणूस लागतं हो.

आम्ही कपडे काढले, ओल्या फडक्याने अंग पुसलं. पुसायचं कामही मावशीच करत होती. भिंगरी जागी झाली, कुरकुरली, पाणी प्यायली. तापमान उतरायला लागलं, पण सावकाश. मोठ्या सरांना कळवावंच लागलं, कारण उद्याची त्यांची शस्त्रक्रिया. मावशी जिन्याने धावत वर गेली, लिफ्टसाठी थांबलीच नाही. मी तिच्या मागे. सर कोपऱ्यातल्या खोलीत डबा खात होते. मावशीने हात जोडले. "सर, तो ताप नाही. ते माझं पांघरूण आहे. पोरीला काही झालेलं नाही, मी केलंय ते."

सरांनी डबा बाजूला सारला. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी तरी चार शब्द ऐकवले असते. पण त्यांनी तिला खुर्ची दिली. "मावशी, मला पटतंय तुमचं. नव्वद टक्के तसंच असेल. पण तिला मागच्या आठवड्यात सर्दी होती ना? उद्या मी डोकं उघडलं आणि तो खरोखरचा ताप निघाला, तर मेंदूत जंतू जातील. मग डोळ्याचं सोडा, पोरगी हाताला लागायची नाही."

"मग आता वाट बघा ना, संध्याकाळपर्यंत उतरेल."

"बघू या. रक्त तपासू."

रक्तात काहीतरी किंचित वाढलेलं निघालं. मॅडम म्हणाल्या, हे भुलेनेही वाढतं, रडण्यानेही वाढतं, सर्दीनेही. म्हणजे कशानेही. त्यावरून काही ठरवता येत नव्हतं आणि ते दुर्लक्षूनही चालत नव्हतं. मावशीने मॅडमना गाठलं. "तुम्ही सांगा ना सरांना. तुम्हाला कळतं. किती माझं नि किती तापाचं, सांगा त्यांना मोजून."

"तेच तर सांगता येत नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "चादरीचं किती, मशीनचं किती, सर्दीचं किती, थर्मामीटर वेगळं करून दाखवत नाही. आत वायर असती, तर कधी चढायला लागलं ते तरी कळलं असतं."

भिंगरीची जागा दुसऱ्या मुलाला गेली. तेही कुणाचं तरी मूलच होतं, तेही वाट बघत होतं. त्याच्या आईशी मी काय भांडणार? सकाळी भिंगरीचं अंग थंडगार, खणखणीत बरी. खाटेवर उड्या मारत होती. मावशी तिचं कपाळ मला दाखवत होती, "बघा ताई, हात लावून बघा, आहे का ताप?" मी हात लावला. नव्हता. वरच्या मजल्यावर दुसऱ्या मुलाची शस्त्रक्रिया सुरू होऊन बराच वेळ झाला होता, आणि संध्याकाळी मोठे सर त्यांच्या गावी निघून गेले.

तो महिना मावशीने कसा काढला, ते तिचं तिला ठाऊक. कामाला येत होती. मुलांना तपासायची, पिना काढायची, पण चादर घालायची वेळ आली की ती माझ्या हातात द्यायची. "तुम्ही घाला." मी म्हणायचे, "अगं, मला मशीन बघू दे." तर म्हणायची, "मग मॅडमना द्या." आयांना सांगायचं तिचं ते वाक्यही बंद झालं. कुणी आईने विचारलंच, "मावशी, आत फार थंडी असते का हो?" तर ही पुढच्या मुलाच्या पिना काढायला वळायची. घरी रोज भिंगरीचा उजवा डोळा झाकून ती बोटं मोजायला लावायची. आधी भिंगरीला डोळ्यापाशी धरलेली बोटं दिसायची. मग हात दिसायचा, बोटं नाही. मग दिवा लागला की विझला, तेवढंच. मी एकदा चिडून म्हटलं, "नको गं रोज बघूस! बघून थांबणार आहे का ते?" ती म्हणाली, "मग काय करू, ताई? तुम्ही सांगा, काय करू."

पुढच्या खेपेला मोठे सर आले आणि त्यांनी गाठ काढली. पूर्ण निघाली. जीव वाचला, उजवा डोळा शाबूत राहिला. डावा गेला. लेकीने त्यांना विचारलं, "महिन्यापूर्वी झालं असतं तर वाचला असता?" मी तिथेच होते. मला वाटलं, खोटं बोला हो, एकदा खोटं बोला, नाही म्हणा. सर खाली बघून म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित वाचला असता. कदाचित तेव्हाही उशीर झालेला असेल." खरं बोलणाऱ्या माणसांचा मला इतका राग कधी आला नव्हता. मावशी भिंतीला टेकून उभी होती. तिने नुसती मान हलवली, एखादीला पत्ता सांगितल्यावर ती हलवते तशी.

काही महिन्यांनी भिंगरी पुन्हा आमच्याकडे आली, गाठ परत येत नाही ना ते बघायला. पुन्हा भूल, पुन्हा तीच खोली. या वेळी कपडे मॅडमनी स्वतः बघितले, खाली, वर, सगळीकडे. एकच चादर. मावशी काचेपाशी आलीच नाही, बोळात बाकावर बसून राहिली. गाठ कुठेच नव्हती. मी बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा लेक मला मिठी मारून रडली.

जागं व्हायच्या खोलीत मॅडमनी तापमान मोजलं, जरा कमीच होतं, पण चालण्यासारखं. तेवढ्यात पुढच्या मुलाला भूल द्यायला त्यांना आत बोलावलं, आणि त्या गेल्या. भिंगरीने डोळे उघडले. ओठ थरथरायला लागले, मग हनुवटी, मग सगळं अंग.

"आजी, थंडी."

मावशी तिच्या डाव्या बाजूला उभी होती, हातभर अंतरावर. भिंगरीने मान वळवून उजवीकडे शोधलं, मग दाराकडे. "आजी, थंडी वाजते. कुठंयस तू?"

"इथंच आहे गं," मावशी म्हणाली. बाजूच्या कपाटात चादर होती. ती तिने काढली, उलगडली, दोन्ही हातांत धरली आणि माझ्याकडे वळली. "ताई, घालू?"

घाल, अगं घाल, पोर कुडकुडतेय, असं जगातली कुणीही बाई म्हणाली असती. आणि मी, सगळ्या इस्पितळावर ओरडणारी, मी म्हटलं, "थांब. मॅडमना विचारून येते."

मी मॅडम होत्या त्या खोलीच्या दाराशी गेले. आत भूल चालू असल्याचा दिवा लागलेला होता, दार उघडता येत नव्हतं. मी काचेवर टकटक केली. मागे भिंगरी दात वाजवत आजीला हाका मारत होती, आणि मावशी चादर हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत उभी होती.